सासूचे पंधराशे कोणी खाल्ले?

पत्र :

ताई, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावातून लिहिते आहे. वय ३४. घरात सासू (६३), सासरे (६८), आम्ही दोघं, आमची दोन लेकरं, दीर-जाऊ आणि त्यांची मुलगी, असे नऊ जण. वावर तीन एकर, कोरडवाहू, सासऱ्यांच्या नावावर. एक नणंद, लग्न होऊन पांढरकवड्याकडे दिलेली. रेशनकार्ड एकच, पिवळं, अंत्योदयचं, सासूच्या नावावर.

लाडकी बहीण योजना आली तेव्हा आम्ही तिघींनी फॉर्म भरले आणि तिघींचेही पैसे सुरू झाले. मागच्या वर्षी पडताळणी झाली आणि सासूबाईंचे थांबले. अंगणवाडीत विचारलं तर म्हणाले, एका कार्डावर तीन बाया चालत नाहीत. तेव्हापासून घरात नुसती धुसफूस आहे. "माये पंधराशे या दोघीनं खाल्ले," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. एक दिवस मीही रागात बोलून गेले, "तुम्हाले आता पैशाचं काय काम हाय?" त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. ताट वाढलं की जेवतात, उठून जातात.

आता दीर म्हणतो, कार्डं तीन करून टाकू. आई-बाबाचं एक, तुमचं एक, आमचं एक. म्हणजे सगळ्यांना सगळं भेटते, घरकुलंही दोन येतात. वावराचीही वाटणी करू, म्हणजे पीएम किसानचे पैसे दोघा भावांच्याही खात्यात पडतील. सेतूवाल्यानं त्याला तसं सांगितलं. दीर-जाऊ दिवाळीपासून छपरीत वायले रांधतात. गॅस सासूच्या नावावरचा एकच, म्हणून जाऊ चुलीत पऱ्हाट्या जाळते. आम्ही मात्र सासू-सासऱ्यांसोबतच जेवतो. सासऱ्यांच्या कानावर हे गेलं तर ते म्हणाले, "मी मेल्यावर करा काय करायचं ते." आमचे हे काहीच बोलत नाहीत. कार्ड वेगळं केलं तर घर फोडल्यासारखं होईल का? आणि नाही केलं तर दीर म्हणेल, वहिनीनं अडवलं. काय करू?

उत्तर :

ताई, आधी निवाडा सांगते, कारणं मागून. दिराचं कार्ड वेगळं होऊ द्या. तुमचं करू नका. किसानच्या पैशासाठी वावराची वाटणी करू नका. आणि यातलं काहीही करायच्या आधी सासूबाईंशी बोलणं सुरू करा, कारण कार्डावर कुटुंबप्रमुख त्या आहेत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं घरातल्या सगळ्यांत मोठ्या, १८ वर्षांवरच्या बाईला कार्डाची प्रमुख केलं. त्यामुळे कोणाचं नाव कमी करायचा अर्ज निघेल तो त्यांच्या सही-अंगठ्यानं. पण त्या अंगठ्यासाठी गोड बोलू नका. त्यांचं दुखणं खरं आहे, म्हणून बोला.

तुमच्या सासूबाईंचं आयुष्य मी न पाहताही सांगू शकते, कारण आपल्या भागातल्या त्या वयाच्या बहुतेक बायांचं ते सारखंच आहे. निंदण, खुरपण, कापूस वेचणी, हंगामात लोकाच्या वावरात मजुरी. मजुरीचे पैसे घरी आले की तेल-मिठात गेले. वावर नवऱ्याच्या नावावर, कापसाचा चुकारा नवऱ्याच्या हातात, बँकेचं पासबुक ट्रंकेत. मग ऑगस्ट २०२४ मध्ये जुलै-ऑगस्टचे मिळून तीन हजार रुपये त्यांच्या स्वतःच्या खात्यात पडले. कोणाला हिशेब द्यायचा नाही असे, कदाचित पहिलेच.

बँकमित्राच्या टेबलासमोर उभ्या राहणाऱ्या अशा बायांना मी जवळून पाहिलं आहे. वेचणी करून करून अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असतात. मशीन अंगठा घेत नाही. मग त्या पदरानं अंगठा पुसतात, पुन्हा ठेवतात, मग दुसरं बोट लावतात. रांगेतल्या बाकीच्या थांबून राहतात, कोणी कुरकुर करत नाही. नोटा हातात आल्या की त्यातली एक वेगळी दुमडून ठेवतात, ती बहुधा नातवंडांची असते. मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे हातात थोडे पैसे असले की लेकीकडे जाऊन येता येतं, पोराला तिकिटाचे पैसे मागावे लागत नाहीत. तुमच्या सासूबाईही पांढरकवड्याला जाऊन येत असतील. आता पैसे थांबल्यावर ते जाणंही थांबलं का, हे जरा आठवून पाहा.

म्हणून "तुम्हाले पैशाचं काय काम" हे वाक्य त्यांना लागलं. त्याची माफी मागा. चारचौघांत नको, दोघीच असताना.

आणि नुसती माफी नको. तुम्ही आणि जाऊबाई मिळून महिन्याला तीन हजार येतात. दोघींनी पाचशे-पाचशे रुपये पैसे पडले त्याच दिवशी सासूबाईंच्या हातावर ठेवा. तिघींना हजार-हजार होतील. ही सक्ती नाही, पैसे तुमच्या खात्यातले आहेत, कायद्यानं तुमचेच आहेत. पण फॉर्म तिघींनी भरले होते, पात्र तिघी होत्या, आणि मोजणीत तिसरं नाव त्यांचं निघालं हा त्यांचा दोष नाही. तसाच तो तुमचाही नाही. जाऊबाई तयार नसतील तर तुम्ही एकटीनं सुरू करा. "घरखर्चात घ्या" म्हणून देऊ नका. त्या पैशाचं त्यांनी काय केलं हे विचारूही नका.

आता मोजणीचं सांगते, कारण तुमच्या घरातल्या भांडणाचं मूळ तिथे आहे. दीर लोभी आहे, सासू हट्टी आहे असं तुम्हाला वाटत असेल तर ते मनातून काढा.

सरकार प्रत्येक योजनेला कुटुंब वेगळं मोजतं. अंत्योदयला एक कार्ड म्हणजे एक कुटुंब, महिन्याला ३५ किलो धान्य, मग त्यात दोन माणसं असोत की नऊ. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डाला माणशी पाच किलो. पीएम किसानला कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि १८ वर्षांखालची लेकरं, आणि जमीन नावावर हवी. लाडकी बहीणच्या शासन निर्णयात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची अविवाहित मुलं. त्या व्याख्येनं तुमच्या छपराखाली तीन कुटुंबं आहेत. पण पडताळणी करणाऱ्याच्या हाती शेवटी रेशनकार्ड असतं, आणि कार्डावर तुम्ही सगळे एक. सासूबाईंचं नाव तिथेच अडकलेलं दिसतं.

हे नवं नाही. आपल्या राज्याच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्यात काम मागण्याचा हक्क प्रत्येक प्रौढ माणसाला होता. सासूही हक्कानं मागू शकत होती, सूनही, आणि दिवसांची मर्यादा नव्हती. २००५ चा केंद्राचा कायदा आला त्यानं वर्षाला १०० दिवस दिले ते अख्ख्या कुटुंबाला मिळून. लगेच घरोघरी प्रश्न आला, ते दिवस कोणाचे? कर्जमाफीतही तेच झालं. २०१७ च्या कर्जमाफीत दीड लाखाची मर्यादा आधी कुटुंबाला धरली होती. बाप आणि लेक दोघांच्याही नावावर कर्ज असलेल्या घरांत तेव्हा कोणाचं माफ करायचं यावरून अबोले झाले. २०१९ अखेरच्या कर्जमुक्तीत दोन लाखांची मर्यादा आली ती माणसाप्रमाणे, आणि तो वाद उरला नाही. माणूस मोजला की घरात भांडण कमी होतं, घर मोजलं की घरातल्या घरात वाटप करण्याचा भार तुमच्यासारख्या सुनेवर येऊन पडतो. योजना लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं. अंगणवाडीतल्या बाईनं तुम्हाला एका वाक्यात सांगितलेला नियम तुमच्या सासूला सुनेची दुश्मन करून गेला, आणि त्या बाईच्या हातातही काही नव्हतं.

आता कार्डाकडे येऊ. तुम्ही पत्रात एक गोष्ट सहज लिहून गेलात, तीच सगळ्यांत महत्त्वाची आहे. दीर-जाऊ दिवाळीपासून वेगळे रांधतात आणि तुम्ही सासू-सासऱ्यांसोबत जेवता. म्हणजे आज तुमच्या घरात खऱ्या चुली दोन आहेत. कार्डंही दोनच हवीत. दिराचं वेगळं कार्ड काढणं म्हणजे जे आहे ते कागदावर लिहिणं. त्यात घर फोडणं नाही, चूल वेगळी व्हायची ती दिवाळीलाच झाली आणि तरी आपण सगळे एका अंगणात नांदतो आहोत, हे सासऱ्यांना सांगता येईल. तुमचं कार्ड वेगळं करणं मात्र खोटं लिहिणं होईल. आज सासूसोबत भाकरी खायची आणि कागदावर त्यांना एकटं दाखवायचं, हे त्यांना कळल्याशिवाय राहणार नाही. सासऱ्यांचं "मी मेल्यावर करा" हे त्याच भीतीतून आलं आहे. दोन लेक असून म्हातारा-म्हातारी वेगळ्या कार्डावर, हे गावात कसं दिसतं ते त्यांना ठाऊक आहे.

आणि खरं लिहिलं तर सासूबाईंची अडचणही सुटायला वाट होते. दिराच्या कार्डावर जाऊबाई जातील. जुन्या कार्डावर तुम्ही आणि सासूबाई, दोघीच राहाल. पैसे आपोआप सुरू होतील असं मी म्हणणार नाही. कार्ड झाल्यावर त्याची प्रत लावून तालुक्याच्या महिला व बालविकास विभागाच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पण त्याच्याही आधी पैसे नक्की कशानं थांबले ते तपासा. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली, तीत नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधारही जोडायचं होतं. सासूबाईंची ती झाली का, झाली तर सासऱ्यांचं आधार लागलं का, ते पाहा. दुसरं, हे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात. घरात एकाची दोन-तीन खाती असली, एक जनधनचं, एक मजुरीसाठी काढलेलं, तर पैसे भलत्याच खात्यात पडत राहतात आणि आपण दुसऱ्याच पासबुकाकडे बघत बसतो. बँकेत जाऊन त्यांचं आधार कोणत्या खात्याला जोडलं आहे एवढं विचारा. असं निघालं तर सगळं भांडण विनाकारणच झालं असेल.

धान्याचा हिशेब दिराला नीट सांगा, कारण सेतूवाल्यानं तो सांगितला नसणार. आज ३५ किलो नऊ जणांत म्हणजे माणशी चार किलोही पडत नाही. दिराचे तिघे निघाले तरी जुन्या कार्डाचे ३५ किलो तेवढेच राहतात, म्हणजे तुम्हा सहा जणांचं नुकसान काही नाही. नुकसान होऊ शकतं ते दिराचं. नव्या कार्डाला अंत्योदय मिळत नाही असंच धरून चला. प्राधान्य यादीत नाव लागलं तर तिघांचे १५ किलो येतील. पण राज्याला केंद्रानं सुमारे ७ कोटी लोकांची मर्यादा घातली आहे, तिला आपल्याकडे इष्टांक म्हणतात, आणि इष्टांकात जागा नसली तर केशरी कार्ड हातात येतं आणि धान्य येत नाही. आपल्या यवतमाळसह अमरावती विभागाचे पाच जिल्हे, वर्धा आणि मराठवाड्यातले आठ, अशा १४ जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना धान्याऐवजी माणशी महिन्याला रोख रक्कम आहे. २०२३ मध्ये १५० रुपये होती, पुढे १७० झाली. पण ती शेतकऱ्याला. दिराच्या नावावर सातबारा नाही.

तेव्हा असं ठरवा. दिराला नव्या कार्डावर धान्य सुरू होईपर्यंत जुन्या ३५ मधून त्याच्या वाट्याचे अकरा-बारा किलो दर महिन्याला त्याच्या चुलीला जातील. हे सासूबाईंच्या तोंडून वदवा. त्या कार्डाच्या मालकीण आहेत, पोराला धान्य देणाऱ्याही त्याच असू द्या. "वहिनीनं अडवलं" हे म्हणायला मग जागा राहत नाही. जाऊबाईंचाही यात फायदा आहे. उज्ज्वलाचं कनेक्शन कुटुंबाला एकच मिळतं, आणि अर्जाला रेशनकार्ड मागतात. स्वतःचं कार्ड झालं की त्यांना स्वतःच्या नावानं गॅस मागता येईल. छपरीत पऱ्हाट्यांचा धूर खाणारी बाई आणि तिच्याजवळ बसलेली लहान मुलगी, मला तर कार्ड वेगळं करायला एवढं एकच कारण पुरेसं वाटतं.

एक खबरदारी मात्र घ्या. नाव कमी करण्याचा अर्ज आणि नव्या कार्डाचा अर्ज तहसीलच्या पुरवठा शाखेत एकाच वेळी द्या. नाव जुन्यातून गेलं आणि नवं कार्ड रखडलं तर माणूस मध्येच लटकतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण दवाखान्यात भरती होताना कार्ड विचारतात. जाऊबाईंना दिवस गेले असतील, किंवा कोणाचं ऑपरेशन ठरलेलं असेल, तर ते उरकेपर्यंत कार्डाला हात लावू नका.

घरकुलासाठी दिराला घाई आहे, पण घरकुल कार्डावरून ठरत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेत नाव यादीतून येतं. ग्रामपंचायतीत जाऊन सर्वेक्षणात त्याचं नाव गेलं का ते पाहायला सांगा. तुमच्या समाजाप्रमाणे रमाई, शबरी किंवा मोदी आवास यांपैकी एखादी योजना लागू होत असेल, तीही तिथेच विचारा. सपाट भागात केंद्राच्या योजनेचे १,२०,००० रुपये टप्प्याटप्प्यानं येतात. पाया झाला की एक हप्ता, भिंती झाल्या की दुसरा. घर बांधून होईपर्यंत वरचे पैसे कुठून आणणार, याचा विचार आधी करायला लावा. अर्धवट भिंती उभ्या राहून सावकाराच्या दारात गेलेली घरं आपल्या भागात कमी नाहीत. आणि जागा लागते. आत्ताच्या घराची जागा ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर सासऱ्यांच्या नावानं असणार. परसात त्याला जागा द्यायची तर सासऱ्यांनी मनानं द्यायला हवी, आणि घरकुल जाऊबाईंच्या नावानं किंवा दोघांच्या नावानं व्हावं, योजनेत तशी सोय आहे.

आता वावर. इथे मी दिराला स्पष्ट नाही म्हणेन. पीएम किसानला १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख आहे. त्या दिवशी जमीन ज्याच्या नावावर होती तो पात्र. त्यानंतर वाटणीनं किंवा खरेदीनं नावावर आली तर नव्यानं लाभ मिळत नाही, फक्त जमीनधारक वारला आणि वारसानं नाव लागलं तर मिळतो. म्हणजे आज सासऱ्यांच्या हयातीत तीन एकराचे तुकडे केले तर दोघा भावांना किसानचे पैसे येणार नाहीतच, आणि सासऱ्यांच्या नावचे केंद्राचे सहा हजार आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे सहा हजार, असे वर्षाला मिळणारे बारा हजारही धोक्यात येतील. हे बारा हजार आज कोणाच्या बियाण्याला, कोणाच्या खताला जातात, ते सासऱ्यांनी दोन्ही लेकांसमोर एकदा सांगितलं तर दिराच्या मनातली निम्मी अढी जाईल. त्याची खरी मागणी बहुधा हीच आहे, वाटणीची नाही.

पुढे कधी वाटणी करायचीच झाली तर ती सगळ्यांच्या संमतीनं, जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करून करा. नणंदेला त्या दिवशी बोलवा. जमीन वडिलोपार्जित असेल तर लेकीचा हक्क लेकाइतकाच आहे, २००५ च्या दुरुस्तीनं तो देशभर आला आणि महाराष्ट्रात तर १९९४ पासून तशी तरतूद होती. एक लुगडं घेऊन देऊन हक्कसोडपत्रावर तिची सही घ्यायची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. तिला सोडायचं असेल तर ती सोडेल, पण आपण काय सोडतो आहोत हे तिला आधी माहीत असलं पाहिजे. सासू-सासऱ्यांनी स्वतःसाठी हिस्सा राखूनच बाकीचं द्यावं. बक्षीसपत्र करणार असतील तर सांभाळ करण्याची अट त्यात लिहून घ्यावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे अट लिहिलेली असेल आणि सांभाळ झाला नाही तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. अट लिहून मागणं म्हणजे लेकांवर अविश्वास, असं सासऱ्यांना वाटेल. तुम्हीच म्हणा, "बाबा, लिहा, आमची हरकत नाही." सुनेनं असं म्हटलं की म्हाताऱ्या माणसाची छाती हलकी होते.

आणि तुमचं स्वतःचं नाव? तुम्ही ते विचारलं नाहीत, पण मी सांगणार आहे. जमीन तुमच्या नवऱ्याच्या नावावर येईल तेव्हा लक्ष्मी मुक्ती योजनेखाली त्यांच्या संमतीनं सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून तुमचं नाव लावता येतं. ही तरतूद १९९२ पासून आहे. शेतकरी संघटनेत शरद जोशींनी हा विषय लावून धरला होता, आणि आपल्या विदर्भातल्या कितीतरी बायांची नावं त्या काळात लागली. नाव लावलं तर लाडकी बहीण बंद होईल ही भीती खरी नाही. पाच एकराची जी अट सुरुवातीच्या निर्णयात होती, ती जुलै २०२४ मध्येच काढून टाकली. नवरा अचानक गेला आणि सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून बँकेत, तहसीलला, सोसायटीत चकरा मारणाऱ्या बाया यवतमाळ जिल्ह्यात तुम्हाला शोधाव्या लागणार नाहीत. हे बोलणं आजच्या भांडणात काढू नका. पण विसरू नका.

तुमचे मिस्टर गप्प आहेत, ते मला या पत्रात सगळ्यांत खटकलं. आई, बायको आणि भाऊ यांच्यामध्ये गप्प बसणं म्हणजे सगळं ओझं तुमच्या डोक्यावर ठेवणं आहे. दिराशी कार्डाचं आणि किसानचं बोलायचं ते त्यांनी बोललं पाहिजे. भावाला भावानं सांगितलं तर तो हिशेब राहतो, वहिनीनं सांगितलं की अडवणूक होते. हे पत्र त्यांना वाचायला द्या. वाचायचं नसेल तर वाचून दाखवा, जेवणं झाल्यावर, सासरे घरात असताना. सासऱ्यांना यातून एवढं कळलं तरी पुष्कळ आहे की मोठा लेक आणि सून त्यांच्याच कार्डावर राहणार आहेत.

राहिलं श्रावणबाळ योजनेचं पेन्शन. सासऱ्यांना ते मिळत असेलच, नसेल तर आजच तपासा. ६५ पूर्ण झालेल्यांसाठी ते आहे, महिन्याला १५०० रुपये. त्याला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असल्याचा दाखला लागतो. महिन्याला १,७५० रुपये झाले. एवढ्या पैशात आज कोणाचं घर चालतं? ही मर्यादा इतकी जुनी आणि इतकी खाली आहे की तिच्यामुळे खऱ्या गरजू म्हाताऱ्यांनाही दाखल्यासाठी मान खाली घालून उभं राहावं लागतं. ती वाढवा असा ठराव ग्रामसभेत मांडता येतो, बायांनी उठून मांडला तर त्याला वजन येतं. तुमच्या गावात पुढची ग्रामसभा असेल तेव्हा अंगणवाडीतल्या ताई, आशाताई, बचत गटातल्या बाया यांना घेऊन जा. एका कार्डावरच्या तिसऱ्या बाईचा प्रश्नही तिथेच मांडा. तुमच्या एकट्या घरातला तो नाही.

सासूबाई ६३ वर्षांच्या आहेत. लाडकी बहीणची वयाची मर्यादा ६५ आहे, म्हणजे पैसे पुन्हा सुरू झाले तरी दोन वर्षांत थांबणार, आणि त्यानंतर श्रावणबाळचा अर्ज त्यांचाही करावा लागेल. आधारवरची जन्मतारीख आत्ताच बघून ठेवा. आपल्याकडे त्या वयाच्या कितीतरी माणसांच्या आधारवर १ जानेवारी लिहिलेलं असतं आणि वर्ष अंदाजानं घातलेलं असतं. वर्ष चुकलेलं असेल तर दुरुस्तीला वेळ लागतो. त्यांना सोबत घेऊन आधार केंद्रात जा, आणि येताना पांढरकवड्याची गाडी किती वाजता असते तेही स्टँडवर विचारून या.